स्पोर्ट्स कारला हिवाळी चाकांचा दुसरा संच: जर्मनीतल्या ७१८ वाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पोर्शे ७१८ केमन किंवा बॉक्सस्टर जर्मनीत बाराही महिने चालवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. स्टुटगार्ट, म्यूनिक, इंगोलश्टाट या भागांत गाड्यांच्या कारखान्यांत काम करणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही जण थोडं स्थिरस्थावर झाल्यावर अशी गाडी घेतातच. पुण्यात टायर ही झिजली की बदलायची वस्तू असते. इथे ती ऋतू बदलला की बदलायची वस्तू आहे. युरोपात ७१८ च्या बहुतेक मॉडेलांची नवी विक्री २०२४ मध्ये थांबली, त्यामुळे आता व्यवहार जुन्या गाड्यांचाच होतो आणि पहिल्या ऑक्टोबरातच दुसऱ्या चाकांचा प्रश्न दारात उभा राहतो. खालचे आकडे ७१८ चे आहेत. दुसरी गाडी असेल तर विचार इथून घ्या, आकडे मात्र आपल्या गाडीच्या पुस्तकातून.

जर्मनीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत का? कुठल्या तारखेपासून?

तारीख नाही, परिस्थिती बघतात. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी किंवा गोठलेल्या दवाचा थर असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवता येत नाही. नोव्हेंबरात कोरडं ऊन पडलं असेल तर उन्हाळी टायरवर चालवणं बेकायदा नाही. रस्त्याकडेला नुसती उभी असलेली गाडीही या नियमात येत नाही. पकडले गेलात तर ६० युरो दंड आणि वाहनचालकांच्या नोंदीत एक दंडाचा पॉइंट. तुमच्यामुळे वाहतूक अडली तर ८०, इतरांना धोका झाला तर १००, अपघात झाला तर १२० युरो. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल तर मालकाला वेगळा ७५ युरोंचा दंड आणि पॉइंट. खरी भीती या आकड्यांची नाही. अपघातानंतर विमा कंपनी ‘घोर निष्काळजीपणा’ म्हणून तुमच्याच गाडीच्या भरपाईला कात्री लावू शकते, आणि केमनची दुरुस्ती काय पडते ते सांगायला नको.

टायरवर ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय. चालेल ना?

आता नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण टायरच्या बाजूवर हवी. २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या नुसत्या ‘एम प्लस एस’ टायरना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. जुन्या गाडीबरोबर ‘हिवाळी संच फुकट’ मिळत असेल तर आधी ही खूण शोधा.

आमच्याकडे वर्षातून चार दिवस बर्फ पडतो. चार दिवस ट्रेनने गेलो तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण बर्फ हा हिवाळ्याचा एक भाग झाला. टायर रस्त्याला धरतो तो रबर मऊ असल्यामुळे; डांबराच्या बारीक खडबडीत ते घुसतं, दबतं, परत फुलतं. ७१८ बरोबर येणाऱ्या उन्हाळी स्पोर्ट टायरचं रबर तापलेल्या रस्त्यासाठी बनवलेलं असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं तसं ते आखडतं आणि मग रस्त्यावरून नुसतं घसपटत जातं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण आणि बाकीचं मिश्रण असं असतं की ते शून्याखालीही लवचीक राहतं. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या बर्फ पकडून ठेवतात आणि बर्फावर बर्फच जास्त चिकटतो.

‘७ अंशांखाली हिवाळी टायर’ हे वाक्य सगळीकडे ऐकाल. ती काही लक्ष्मणरेषा नाही. कोरड्या रस्त्यावर चार-पाच अंशांत चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरइतकाच, कधी त्याहूनही लवकर थांबतो. घात होतो तो सकाळी सातच्या ऑफिसच्या रस्त्यावर, जंगलातल्या सावलीच्या वळणावर किंवा नदीवरच्या पुलावर, जिथे बाकी रस्ता ओला असतो आणि तेवढाच तुकडा गोठलेला असतो. तिथे ट्रेनने जायचं हे आधी कसं ठरवणार?

आणि ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर असतील तर वाद घालूच नका. कडक थंडीत नुसती गाडी हलवली तरी त्यांचं रबर तडकू शकतं.

थंडीत पार्किंगमध्ये वळताना पुढची चाकं टक्-टक् उड्या मारतात. काही मोडलंय का?

नाही. स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की पुढची दोन्ही चाकं अगदी योग्य त्या दोन वर्तुळांवर फिरत नाहीत. एक चाक थोडं घासत जातं. उन्हाळ्यात रबर ताणून ते झाकून टाकतं. थंडीत आखडलेला रुंद टायर धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, आणि तुम्हाला वाटतं सस्पेन्शन गेलं. पोर्शेच्या बऱ्याच गाड्यांत हे होतं. हिवाळी चाकं चढवली की बहुतेक वेळा थांबतं. वर्कशॉपला पैसे देण्याआधी तापमान बघा.

इंजिन मध्ये, जोर मागच्या चाकांना. ही गाडी बर्फात चालते तरी का?

योग्य टायरवर उत्तम चालते. इंजिनाचं वजन मागच्या चाकांजवळ असल्यामुळे उभ्या गाडीला हलायला पकड चांगली मिळते. पुढे इंजिन आणि मागे जोर असलेल्या गाड्यांपेक्षा बरीच चांगली. अडचण दोन ठिकाणी येते. एक, गाडी जमिनीला इतकी लागून की न हटवलेल्या ताज्या बर्फाचा ढीग पुढच्या बंपरने ढकलत न्यावा लागतो. दोन, मध्ये वजन असलेली गाडी घसरायला लागली की भर्रकन फिरते, सावरायला वेळ देत नाही. पीएसएम, म्हणजे पोर्शेची गाडी घसरू न देणारी यंत्रणा, चालूच ठेवा. ते चाकागणिक ब्रेक लावून गाडी सरळ करतं, पण पकड निर्माण करत नाही. आहे ती वाटून देतं. ऑल व्हील ड्राइव्हच्या गर्वाबद्दलही हेच. ती गाडी निघते झकास, थांबायला मात्र सगळ्यांना तेच चार टायर.

नुसते टायर बदलून घेतले तर? दुसऱ्या रिम कशाला?

करता येतं, पण मी तसा सल्ला देणार नाही. वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवायचा-चढवायचा म्हणजे दोनदा मजुरी, दोनदा बॅलन्सिंग आणि दर वेळी रिमच्या कडेला ओरखडा पडायची शक्यता. कमी उंचीच्या कडक बाजूच्या टायरला हे जास्तच लागू. त्यात जर्मनीत रस्त्यांवर मीठ टाकतात. तुमच्या उन्हाळी रिमचा दर्शनी भाग लेथवर घासून चमकवलेला असेल तर लाखेला एक खडा लागला की मीठ आत शिरतं आणि लाखेखाली पांढऱ्या कृमीसारख्या रेषा पसरतात. ती रिम पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

म्हणून दुसरा संच पूर्ण घ्या: रिम, टायर, सेन्सर, सगळं. रिम साधी, पूर्ण रंगवलेली, धुवायला सोपी, कमी आऱ्यांची. सुंदर चाकं उन्हाळ्यात मिरवा.

कुठला साइज घ्यायचा?

इथे घाई करू नका. बाकी सगळं या एका उत्तरावर उभं आहे. दुकानात जाण्याआधी कागद बघा. गाडीच्या नोंदणीपत्रात, म्हणजे फारत्सॉइगशाइनमध्ये, रकाना १५.१ आणि १५.२ मध्ये पुढच्या-मागच्या टायरचा साइज असतो. तो एकच असतो, म्हणून लोकांना वाटतं तेवढाच चालतो. तसं नाही. कंपनीने दिलेल्या सीओसी कागदावर मंजूर असलेल्या बाकीच्या जोड्याही असतात. त्यांतली कुठलीही बसवली तरी कुणाची परवानगी लागत नाही.

७१८ ला १८ इंचांमध्ये पुढे २३५/४५ आणि मागे २६५/४५, १९ इंचांमध्ये पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० अशी जोडी असते. गाडी २० इंचांवर उभी असली तरी हिवाळ्यासाठी मंजूर असलेला लहानात लहान साइज घ्या. टायर स्वस्त पडतो. बाजूची भिंत उंच असल्यामुळे हिमाने उखडलेल्या खड्ड्यात रिम वाचते. गाडी थोडी मऊ चालते, आणि सकाळी सीट गरम होईपर्यंत ते बरंच वाटतं. स्टीअरिंगची धार थोडी बोथट होईल. मार्चपर्यंत सवय होते.

लहान म्हणजे किती लहान, हे ब्रेक ठरवतात. जीटीएस ४.० या जोरदार मॉडेलात किंवा सिरॅमिक ब्रेकच्या गाडीत डिस्क आणि कॅलिपर मोठे असतात. साध्या केमनची १८ इंची रिम तिथे अडकू शकते. ‘एकाच मॉडेलची आहे, बसेल’ हे वाक्य विकणाऱ्याचं असतं. सीओसीत तुमच्या नेमक्या गाडीला तो साइज आहे का, एवढंच बघा.

आणखी एक. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या घेरांचं नातं मंजूर जोडीत जसं आहे तसंच राहायला हवं. एबीएस आणि पीएसएम चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करत असतात. चारही चाकं सारखी लावून खर्च वाचवण्याची युक्ती या गाडीवर लागू पडत नाही.

९११ ची किंवा कायेनची रिम मिळतेय स्वस्तात. बोल्ट तर सारखेच आहेत!

पाच बोल्ट, १३० मिलिमीटरचं वर्तुळ, हो, सारखंच. आउडी क्यू७ च्या पहिल्या पिढीलाही हेच आहे, म्हणून ती केमनला लावणार का? रिमची रुंदी आणि ऑफसेट, म्हणजे बोल्टची बैठक मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे, ते वेगळं असतं. दोन सेंटिमीटरच्या फरकाने टायर आत सस्पेन्शनला किंवा बाहेर मडगार्डला घासतो. आणि कागदावर नसलेली जोडी म्हणजे ट्युफ किंवा डेक्रा या वाहन तपासणी संस्थांकडे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी. बाहेरच्या कंपनीची रिम घ्यायचीच असेल तर तुमच्या मॉडेलसाठी एबीई (जर्मन सरकारी मंजुरी) किंवा ईसीई (आंतरराष्ट्रीय मंजुरी) असलेलीच घ्या, एबीईमधल्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि तो कागद गाडीत ठेवा.

टायरवर ‘एन-०’ खूण लागतेच का?

कायद्याने नाही. पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेल्या टायरवर ‘एन’ आणि आकडा असतो, जसा बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा. ७१८ च्या साइजमध्ये मिशलिनच्या अल्पिन आणि पिरेलीच्या सोत्तोझेरो मालिकेत असे टायर मिळतात. तरी मी एन खूणवालेच घ्या म्हणेन, कारण व्यवहाराचं आहे: पोर्शे अप्रूव्ह्ड वॉरंटी वाढवताना होणाऱ्या १११ मुद्द्यांच्या तपासणीत टायरही पाहिले जातात. वॉरंटी नसेल आणि ठेवायचीही नसेल तर दुसरा चांगला टायर घ्यायला हरकत नाही. फक्त चारही एकाच बनावटीचे हवेत.

गाडी २७५ ने जाते, टायरवर ‘व्ही’ लिहिलंय. बेकायदा?

नाही. ‘व्ही’ म्हणजे ताशी २४०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७०. हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालचा वेग चालतो. अट एवढीच की ड्रायव्हरला दिसेल अशा जागी तो आकडा असलेला स्टिकर हवा. टायरवाला तो फुकट देतो आणि लावायला विसरतो. ७१८ मध्ये वेगमर्यादेचा इशाराही लावून ठेवता येतो. आउटोबानवर डिसेंबरात २४० ने जायची कोणाला हौस असेल तर तो प्रश्न टायरचा नाही.

वापरलेला संच घ्यावा का?

घ्यावा. गाडी विकून टाकलेल्यांच्या तळघरात चाकं पडून राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये ती स्वस्तात निघतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तोच संच शोधाल तर विकणारा तुमची गरज ओळखून भाव सांगेल.

बघायचं काय? टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ३७२१ म्हणजे २०२१ चा ३७ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा हिवाळी टायर नक्षी शाबूत असली तरी मी घेत नाही, कारण रबर कडक झालेलं असतं, आणि पैसे तर मऊ रबराचेच मोजायचे असतात. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण ४ च्या खाली गेलेला टायर बर्फात नावापुरता उरतो. रिम उलटी करून आतली कड बघा. खड्ड्याचा पिचका तिथे असतो, समोरून दिसत नाही. वेल्डिंग केलेली रिम कितीही स्वस्त असली तरी नको. शंका असेल तर पैसे देण्याआधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या.

प्रेशर सेन्सर लागतातच का?

लागतात. युरोपात १ नोव्हेंबर २०१४ पासून नोंदलेल्या प्रत्येक नव्या कारला टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आहे, आणि ती हिवाळी चाकांवरही चालू असलीच पाहिजे. ७१८ मध्ये प्रत्येक चाकात सेन्सर असतो. त्याची बॅटरी बंद जागी असते. संपली की अख्खा सेन्सर बदलायचा. सात-आठ वर्षं जुना संच घेत असाल तर चार नव्या सेन्सरचा खर्च मनात धरूनच घासाघीस करा. अमेरिकेतून आलेल्या संचातले सेन्सर वेगळ्या फ्रीक्वेन्सीचे असतात, ३१५ मेगाहर्ट्झ. इथे ४३३ लागतं.

चाकं बदलली की मीटरच्या मेन्यूत जाऊन टायरचा प्रकार हिवाळी आणि साइज निवडा. मग थोडं अंतर चालवल्यावर गाडी नवे सेन्सर ओळखते. हे विसरलात तर गाडी हिवाळी चाकांची तुलना उन्हाळ्याच्या दाबाशी करत बसते आणि रोज सकाळी इशारा देते. दाब कारच्या स्टिकरवर साइजप्रमाणे दिलेला असतो. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार कमी होतो, म्हणून पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर पुन्हा तपासा.

चाकं घरी बदलता येतील का?

येतात, आणि एकदा जमलं की वर्कशॉपच्या रांगेत उभं राहावंसं वाटत नाही. ऑक्टोबरात ती रांग तीन-तीन आठवड्यांची असते. पण ही मारुतीची स्टेपनी बदलण्याइतकी बिनधास्त गोष्ट नाही.

७१८ ला स्टेपनी नसते, म्हणून जॅकही सहसा नसतो. खाली शिरेल असा बुटका ट्रॉली जॅक आणि त्यावर रबरी ठोकळा लागतो. जॅक फक्त ठरलेल्या आधारबिंदूंवर लावायचा. जरा इकडेतिकडे झाला तर खालचं प्लास्टिक किंवा पत्रा दबतो. जमीन सपाट आणि फरसबंद हवी, पार्किंग ब्रेक लावलेला. बोल्ट अर्धा फेरा सैल करायचे ते गाडी जमिनीवर असतानाच.

इथे नट नसतात, बोल्ट असतात. म्हणजे शेवटचा बोल्ट निघाला की चाक टांगायला काहीच उरत नाही आणि ते घसरून डिस्कवर आदळतं. त्यासाठी गाडीच्या हत्यारांत एक लांब दांडी येते. वरचा बोल्ट काढून ती तिथे फिरवून बसवायची आणि चाक तिच्यावरून सरकवत काढायचं. सिरॅमिक डिस्क असेल तर दोन दांड्या वापरा. त्या डिस्कच्या कडेचा टवका फार महाग पडतो.

नवं चाक लावण्याआधी हबवरचा गंज ब्रशने काढा. बोल्ट आधी हाताने फिरवा, मग आडव्या-तिडव्या क्रमाने थोडे घट्ट करा, गाडी खाली उतरवा आणि टॉर्क रेंचने १६० न्यूटन मीटर. जुन्या ९९६ (तेव्हाची ९११) आणि ९८६ (तेव्हाची बॉक्सस्टर) ला १३० लागायचे. तो आकडा अजून लोकांच्या तोंडात आहे, म्हणून सांभाळून. इलेक्ट्रिक गनने घट्ट करून वर टॉर्क रेंच ‘टक्’ वाजवून दाखवणारा मेकॅनिक दिसला तर नम्रपणे थांबवा. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

बोल्टला ग्रीस लावायचं की नाही?

जर्मन टायरवाले म्हणतात कधीच नाही. पोर्शे म्हणते आट्यांवर आणि बोल्टचं डोकं व त्याची फिरती गोल टोपी यांच्यामध्ये ॲल्युमिनियम पेस्टचा पातळ थर लावा. मात्र टोपीचा जो भाग रिमला टेकतो तो कोरडा ठेवा. या गाडीवर पोर्शेचं ऐका, कारण १६० चा आकडा तसंच धरून काढलेला आहे.

मूळ रिमला गोल बैठकीचे बोल्ट लागतात. बाहेरच्या कंपन्यांच्या रिमला बहुतेक वेळा शंकूच्या आकाराचे. दोन्ही सारख्याच आट्यांचे, एम१४ बाय १.५, फिरतात, घट्टही होतात, आणि तरी चाक नीट बसलेलं नसतं. गाडीला कंपनीचे स्पेसर (चाक आणि हबमधल्या चकत्या) असतील तर बोल्ट लांब असतात, ते दुसऱ्या संचाला वापरू नका. चोरीविरोधी बोल्टचा अडॅप्टर कायम गाडीतच ठेवा.

स्कीइंगला ऑस्ट्रियात जायचंय.

तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तर हिवाळी टायर लागतात, आणि ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेला टायर हिवाळी मानतच नाहीत. जर्मनीत चालणारा ३ मिलिमीटरचा टायर सीमा ओलांडली की बाद. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, पण अपघात झाला तर जबाबदारी तुमच्यावर येते. फ्रान्समध्ये ठरवून दिलेल्या डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर किंवा गाडीत साखळ्या असण्याची सक्ती आहे.

साखळ्या घ्यायच्या तर फक्त मागच्या चाकांना आणि गाडीच्या पुस्तकात ज्या साइजला परवानगी आहे त्यावरच. चाक आणि मडगार्डमध्ये जागा कमी असते, त्यामुळे बारीक कड्यांच्याच साखळ्या. वेग ताशी ५० च्या आत. निळा साखळीचा फलक दिसला की त्यापुढे सगळ्यांनाच साखळी लागते. घरी कोरड्या जागेत एकदा बसवून बघा. घाटात अंधारात पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्यांकडे बघून इतरांची करमणूक होते.

ऑल सीझन टायर?

रोज दहा किलोमीटर शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीला ठीक. केमनला नाही. ज्या गुणासाठी गाडी घेतली तो उन्हाळ्यात अर्धा सोडायचा आणि हिवाळ्यातही पूर्ण पकड मिळवायची नाही, असा तो सौदा आहे.

गाडी हिवाळ्यात काढलीच नाही तर खर्च वाचेल?

वाचेल. सीझन नंबर प्लेट घ्या, उदाहरणार्थ एप्रिल ते ऑक्टोबर. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. उरलेल्या काळात मात्र गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, म्हणून स्वतःची किंवा भाड्याची बंद जागा हवी. रिम आणि टायरचा दुसरा संच दोन-तीन हजार युरोंच्या घरात जातो. घरात दुसरी गाडी असेल तर हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे.

उतरवलेली चाकं ठेवायची कुठे?

काढताना खडूने लिहा: पुढे डावं, पुढे उजवं, मागे डावं, मागे उजवं. दिशेचा बाण असलेल्या हिवाळी टायरच्या संचात प्रत्येक चाकाची जागा ठरलेली असते. पुढचं मागे जात नाही, डावं उजवीकडे जात नाही. धुवा, वाळवा, दाब ०.५ बारने वाढवा आणि आडवी एकावर एक ठेवा किंवा टांगा. रिमशिवाय नुसते टायर असतील तर उभे ठेवायचे आणि अधूनमधून फिरवायचे. ऊन, तेल आणि पेट्रोलचे डबे दूर. तळघर सामाईक असेल तर घरमालकाला आधी विचारा. श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडचे, शेजारी कपड्यांची दोरी सहन करतील, जिन्याखालची चार चाकं नाही. जागाच नसेल तर टायरवाले हंगामाचं भाडं घेऊन सांभाळतात.

परत कधी बदलायची?

जर्मन माणूस ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ म्हणतो. ईस्टर मार्चमध्ये आला तर थांबा. नवे हिवाळी टायर असतील तर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर जपून चालवा, त्यांच्यावर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो. मे महिन्यात हिवाळी चाकांवर फिरणं जर्मनीत गुन्हा नाही, पण गरम रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि मऊ रबर झपाट्याने झिजतं.

भारतात परत जाताना हा संच बरोबर न्यावा का?

नको. महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही. इथेच विका, फोटोत टायरवरचे चार आकडे आणि नक्षीची खोली दाखवा आणि मूळ बोल्ट सोबत द्या.